लेबलावरची मंजुळा

शिंदखेड्यात पंचाहत्तर ते पंच्याण्णवच्या दरम्यान ज्यांची लग्नं लागली, त्यांना विचारा. मांडवात पंगतीआधी काय प्यायलात? एकजात सांगतील, ‘मंजुळा’. हिरव्या लेबलाची बाटली, कागदी लिंबाचा रस, आलं, भाजलेलं जिरं आणि नाकाला झिणझिण्या आणणारा गॅस. आता विचारा, ती बनवायचं कोण? इथं मात्र सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. माझा राग आहे तो याच गोष्टीवर.

बनवायचा सुपडू बैसाणे. गावाच्या टोकाला बौद्धवाड्यात त्याचं दोन खोल्यांचं घर. तरणाबांड असताना तो धुळ्याला एका सोडा फॅक्टरीत बाटल्या धुवायला होता. मालकानं त्याला धुण्याच्या हौदापलीकडे कधी येऊ दिलं नाही, पण डोळ्यांना कोण अडवणार? सहा वर्षांत पाक किती, गॅस किती, झाकण कसं दाबायचं, हे सगळं त्यानं हौदापाशी बसून बघून घेतलं, आणि एक जुनं हाताचं मशीन घेऊन गावी परतला.

चव मात्र त्यानं कोणाची उचलली नाही. उन्हातून निंदून आली की त्याची आई लिंबू-जिऱ्याचं पाणी करायची, अर्धं स्वतः प्यायची, अर्धं त्याला द्यायची. तेच पाणी त्यानं बाटलीत भरलं. मंजुळाबाई तिचं नाव. तो गावी परतला त्याच उन्हाळ्यात ती गेली होती. तिचा फोटो नाही, तिच्या नावावर वीतभर जमीन नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबली आणि तिचं नाव कुठल्या कागदावर चढलं नाही.

पहिली पेटी घेऊन सुपडू बन्सीलाल शेठच्या दुकानात गेला. शेठचं दुकान भर पेठेत, किराणा आणि थंडाई. शेठनं बाटली तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही. मग लेबल बघितलं. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, ‘उत्पादक : सुपडू भिका बैसाणे’.

शेठ हळूच म्हणाला, “माल एक नंबर आहे रे सुपडू. पण एवढी ओळ काढून टाक. लग्नाच्या मांडवात जायची बाटली ही. नाव वाचलं तर कोणी हात लावणार नाही, मी काय सांगू तुला.”

सांगायची गरज नव्हतीच. सुपडूनं ती ओळ काढली. वरचं नाव तेवढं ठेवलं. मंजुळा म्हणजे गोड आवाजाची, असं काहीतरी लोक समजून घेतील, हे त्याला ठाऊक होतं. लेबलं पुढं शेठच धुळ्याहून छापून आणायचा. पेट्या भर दुपारी, पेठ सुस्तावलेली असताना, दुकानाच्या मागच्या दारानं आत जायच्या. कोणी विचारलं तर शेठ म्हणायचा, “वरून येतो माल.” आणि शेठ वाईट माणूस होता असं समजू नका. सुपडूच्या पोरीच्या बाळंतपणात त्यानंच जीप काढून दिली होती. त्याला फक्त दुकान चालवायचं होतं.

वीस वर्षं असं सुरळीत चाललं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की सुपडू आणि कलाबाई, त्याची बायको, दोघांना मान वर करायला फुरसत नसे. रिकाम्या बाटल्या परत आल्या की कलाबाई त्या कढत सोड्याच्या पाण्यात बुडवायची आणि काथ्यानं घासून जुनं लेबल पार काढायची. कागदाचा कण राहिलेला तिला खपत नसे. “आपला माल शे, जरा डाग दिसना तर बठ्ठा नाव ठेवतीन,” म्हणायची.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका कंपनीचा माणूस गावोगाव फिरत शेठच्या दुकानी आला. उन्हानं तापलेला. एक ‘मंजुळा’ प्यायला, दुसरी प्यायला, मग त्यानं विचारलं, “मालक कोण या मालाचा?” शेठ नेहमीच्या सवयीनं बोलून गेला, “कोणी नाही हो. असंच बनतं इकडं.” तो माणूस चार बाटल्या पिशवीत घालून निघून गेला.

त्या दिवसांत पेपरात रोज डंकेल प्रस्ताव नाही तर गॅट करार. परदेशी कंपन्यांना दारं उघडली, आता आपला कडुनिंबही ते लोक स्वतःच्या नावावर करतील, अशी भाषणं शिंदखेड्याच्या चौकात झाली. शेठ दुकानात बसून तो पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा. कडुनिंबाची काळजी सगळ्या गावाला लागली होती. सुपडूच्या बाटलीचा विचार खुद्द सुपडूच्याही डोक्यात आला नाही.

मुंबईच्या कंपनीनं एका परदेशी कंपनीशी हातमिळवणी केली. टीव्हीवर एक गोरीपान पोरगी हिरवी बाटली कपाळाला लावून हसायला लागली. पंच्याण्णवच्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, कंपनीचा साहेब दोन पोलिस घेऊन सुपडूच्या दारात उभा राहिला. ‘मंजुळा’ हे नाव कंपनीनं नोंदवून घेतलंय, आणि तुम्ही त्याची नक्कल करून विकताय, म्हणाला. भरलेल्या पेट्या टेम्पोत चढल्या आणि मशीनला सील लागलं. सारा वाडा बघत होता.

“साहेब,” सुपडू एवढंच म्हणाला, “मन्ही मायनं नाव शे हाई.” साहेबाला अहिराणी कळली नसावी. त्यानं कागदावर शिक्का मारला.

धुळ्याच्या वकिलांनी नोटीस वाचली आणि धीर दिला. “तुम्ही त्यांच्या आधीपासून हे नाव वापरताय ना? मग कायदा तुमच्या बाजूनं आहे. फक्त ते दाखवा. बिल, जुनं लेबल, काहीही.”

बिलं कधी फाडलीच नव्हती. जुनी लेबलं कलाबाईनं वीस वर्षं काथ्यानं घासून काढली होती. घरात होती ती यंदाची, आणि त्यांच्यावरही त्याचं नाव कुठं होतं? छापखान्यात ऑर्डर शेठच्या नावानं.

“मग शेठनं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं,” वकील म्हणाले. “वीस वर्षं हा माल मी सुपडू बैसाणेंकडून घेतो आणि विकतो. बस, एवढं पुरे.”

एवढं पुरे! सुपडूच्या जिवात जीव आला. शेठ नाही म्हणणार नाही, याची त्याला खात्री होती. तो तसाच दुकानात गेला. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून शेठ पुटपुटला, “इथं नको. उद्या मीच येतो तुझ्याकडं.”

आणि खरंच आला. वीस वर्षांत पहिल्यांदा बन्सीलाल शेठ बौद्धवाड्यात आला. कलाबाईनं खाटेवर धुतलेली चादर टाकली. पोलिसांच्या नजरेतून सुटलेली एकच बाटली कोनाड्यात उरली होती. ती तिनं उघडली आणि घरातल्या स्टीलच्या पेल्यात ओतून शेठपुढं ठेवली. पाहुण्याला पेल्यात द्यावं, एवढाच तिचा विचार.

शेठनं पेला उचलला. फेस बसेपर्यंत नुसता हातात धरून ठेवला. वीस वर्षं हेच प्यायलेला माणूस तो, याच घरच्या हातांनी भरलेलं. पण त्या बाटल्या दुकानात उभ्यानं प्यायल्या होत्या, आणि हा पेला या घरातला होता. दारात वाड्यातली चार माणसं बघत होती. त्यानं पेला खाली ठेवला.

“पोट बरं नाही कालपासून,” शेठ म्हणाला.

सुपडूनं पेल्याकडे बघितलं आणि त्याला सगळं कळून चुकलं. जो माणूस या घरात घोटभर पिऊ शकत नाही, तो साऱ्या तालुक्याला ‘तुमच्या मांडवात मी याच घरचं पाजलं’ हे लिहून कसा देईल? तरी त्यानं हात जोडले. “शेठ, एक सही. मना बठ्ठा जीव त्या नावात शे.”

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं नाही. “मला दुकान चालवायचंय रे सुपडू. नव्या नावानं बनव ना. हवं तर आता तुझं नावही टाक, मी विकतो.” शेठ गेल्यावर कलाबाईनं तो पेला मोरीत ओतला आणि किती वेळ घासत बसली.

साक्षीदार नाही म्हटल्यावर वकिलांनीही हात टेकले. नावावरचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तर कंपनी फौजदारी मागे घेईल आणि मशीन सोडेल, नाहीतर तुरुंग. मे महिन्यात सुपडू धुळ्याला वकिलांच्या ऑफिसात गेला. कंपनीचा साहेबही आला होता. कागद इंग्रजीत होता, वकिलांनी मराठीत वाचून दाखवला : “‘मंजुळा’ या नावावर माझा कोणताही हक्क नाही. या नावाशी माझा कधीही, कसलाही संबंध नव्हता. माझ्याकडची सर्व लेबलं मी नष्ट केली आहेत.”

लेबलं त्यानं आदल्या दिवशीच हौदात बुडवली होती. सासूचं नाव असं शेकड्यानं पाण्यावर तरंगताना बघून कलाबाई आत निघून गेली होती.

“‘कधीही’ एवढा शब्द काढता येईल का?” सुपडूनं विचारलं. कंपनीच्या साहेबानं नकारार्थी मान हलवली. मसुदा मुंबईहून आलेला, त्यात बदल चालत नाही. सुपडूनं सही केली. शाळेत शिकलेली, वळणदार, पूर्ण नावाची सही. ज्या ओळीसाठी वीस वर्षांपूर्वी लेबलावर जागा नव्हती, ती या कागदावर व्यवस्थित बसली.

साहेब आता मोकळा झाला होता. कागद घडी करता करता सहज गप्पा माराव्यात तसं म्हणाला, “पण नाव छान होतं हो. कोण ही मंजुळा?”

सुपडूनं चपला पायात घातल्या. “कोणी नाही, साहेब,” तो म्हणाला, आणि शिंदखेड्याची एसटी चुकू नये म्हणून जिना उतरायला लागला.