चौथ्या कोपऱ्यातल्या लांबट चांदण्या

त्या दुकानदाराचा मला अजून राग येतो. पुण्यातलं मोठं दुकान, आकाशाचे कॅमेरे विकणारं. आणि फोनवर मला विचारतो, तुमच्याकडं रस्ते खराब असतील ना? असतील. ते मी आमच्या आमदाराला सांगीन, यानं का सांगावं?

माझी तक्रार साधी होती. त्याच्याकडून घेतलेला कॅमेरा दुर्बिणीला लावून येडशीजवळच्या आमच्या शेतातून काढलेल्या फोटोत तीन कोपऱ्यांत चांदण्या मोहरीसारख्या गोल आणि चौथ्यात जिऱ्यासारख्या लांबट. दसऱ्याआधी असं नव्हतं. कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर केसभर जरी तिरपा बसला तरी असं होतं. दुकानदार म्हणे, खराब रस्त्यानं दुर्बीण हादरली. मी कॅमेरा दुर्बिणीवर अर्धा फिरवून पाहिला. दोष दुर्बिणीत असता तर फोटोत तो दुसऱ्या कोपऱ्यात गेला असता. तो जागचा हलला न्हाय. म्हणजे खोट कॅमेऱ्याच्या बाजूला. हे सांगितलं तर म्हणतो, खेड्यातली गिऱ्हाइकं वस्तू नीट हाताळत नाहीत. चोराच्या उलट्या बोंबा!

मला घाई होती ती आईसाठी. तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय, गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लहानपणी खळ्यावर झोपून ती कृत्तिकांचा झुबका मोजायची. आता अंगणातून तो तिला दिसेना. दिसतंय तोवर भिंतीएवढा फोटो काढून देतो, असा शब्द मी दिला होता. आणि हा गडी मला रस्ते शिकवतोय.

शेवटी म्हटलं, मरू दे. कॅमेऱ्याच्या तोंडाशी दोन कड्या असतात, मधे बारीक फट आणि तिरपेपणा काढायला तीन स्क्रू. ते पिळून पिळून बोटं दुखली. बाकीचे कोपरे हलत, चौथा हट्टी. मग वैतागून कड्याच सुट्या केल्या. फटीत तांदळाचा दाणा रुतलेला, कुंकवानं लाल.

डोक्यात उजेड पडला. खंडेनवमीला आमच्याकडं विळा, कुऱ्हाड, मोटरचा स्टार्टर, सगळं पाटावर मांडून पुजतात. आईनं कॅमेराही मांडायला लावला होता. मांडा की, माझी ना न्हाय. पण अक्षता थेट फटीत? मी तणतणत आत गेलो. ती शेंगा सोलत बसली होती.

"आई, कुठं टाकतीस एवढं तरी दिसत न्हाय व्हय तुला?"

"न्हाय दिसत," ती म्हणाली. "पोळ्यापासून न्हाय. हाताला गोल लागलं, तिथं टाकल्या."

मी तिच्याशेजारी खाली बसलो. मग सांगितलं का न्हाईस, मी विचारलं.

"तू फोटूचा नाद सोडला असतास."

दाणा काढून कड्या पुन्हा जुळवल्या आणि त्या रात्री चारही कोपरे गोल आले. फोटो मोठा छापून आणला आणि तिच्या मांडीवर पसरला. तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश हात फिरवला. मग विचारलं, "कृत्तिका कुठं हायत?" मी तिचं बोट धरून त्यांच्यावर ठेवलं.