मर्जीनं विकलेली अंगठी

अंधेरीच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला ती अंगठी दिसली. चांदीची, वरून सोन्याचं पाणी दिलेली, मधे निळा खडा आणि कडेनं कोरलेलं ‘हॉल ऑफ फेम’. आतल्या बाजूला खेळाडूचं नाव होतं. ते वाचलं आणि घासाघीस न करता मी ती घेतली. कॉलेजात असताना मी या बाईंना फुटबॉल खेळताना पाहिलं होतं. पोरी फुटबॉल खेळतात यालाच तेव्हा लोक हसायचे. पण त्यांच्या डाव्या पायाचा फटका बसला की हसणारे गप्प व्हायचे. हा सन्मान मात्र त्यांना साठी उलटल्यावर मिळाला.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी खेळांच्या जुन्या वस्तू जमवतो. बोरीवलीच्या आमच्या घरातलं एक कपाट या वस्तूंनी भरलंय. बायकोच्या मते दोन. अशी वस्तू अस्सल ठरते ती सोबतच्या पत्रामुळे. जिची वस्तू, तिच्या सहीचं पत्र. ते मिळवायचंच, असं ठरवून मी चौकशी करत वेसाव्याच्या कोळीवाड्यात पोचलो. अंगठी चोरीला गेलेली निघाली तर परत द्यायची, हेही मनाशी पक्कं होतं.

बाई दारात कोळंबी सोलत बसल्या होत्या. मी अंगठी पुढे केली. हात न लावता, मान वाकवून त्यांनी पाहिली.

“माझीच ती. मीच विकली.”

“ताई, परत हवी असेल तर...”

“कशाला? काम करताना बोटात रुतायची.”

पत्राचं ऐकून त्या हसल्या, पण हात धुऊन आल्या. मजकूर मी घरूनच लिहून नेला होता, त्यांनी फक्त सही करायची होती. चष्मा लावून त्यांनी तो वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

“हे ‘नाइलाजानं विकली’ तुला कोणी सांगितलं?”

“मला वाटलं...”

“तुला वाटलं! मासे ठेवायला मोठा फ्रीझर हवा होता, अंगठी विकली, फ्रीझर आणला. नाइलाज कसला? मर्जीनं विकली. तसं लिही, नायतर सही नाय.”

“लोकांना वाटेल, तुम्हाला त्या सन्मानाची किंमत नव्हती.”

“किंमत होती म्हणून तर फ्रीझर आला ना!”

शेवटी त्यांनी माझा कागद बाजूला सारला आणि कोऱ्या पानावर स्वतःच लिहिलं, फ्रीझरसकट. सही झाल्यावर आणखी एक पान मागितलं. “अंगठी एकीला दिली. मी काय एकटी खेळत होते?” त्या पानावर त्यांनी संघातल्या दहाजणींची नावं लिहिली. एकीचं आडनाव आठवेना, तर कुणाला तरी फोन लावून, ओरडून विचारून घेतलं. “अंगठी जाईल तिथं हे पान जायला पाहिजे. कबूल?”

मी कबूल म्हटलं.

पुढच्या महिन्यात मुलुंडला आम्हा संग्राहकांचं प्रदर्शन होतं. एकाला अंगठी फार आवडली. “घेतो मी,” तो म्हणाला, “पण फ्रीझरवालं पत्र नको, नवीन आण. आणि ही नावं कोण बघतंय यार?”

मी नाही म्हणालो. तो गेला. दोन्ही पानं दिवसभर अंगठीशेजारी काचेखाली राहिली. तिथं बसल्याबसल्याच मी ठरवलं, या दहाजणींना शोधायचं.

आतापर्यंत चौघी भेटल्या. दोघी आता नाहीत, हे त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. उरलेल्या चौघींचा शोध चालू आहे. गेल्या आठवड्यात चेंबूरला गोलकीपरकडे गेलो होतो. गुडघे धरत त्या सोफ्यावर बसल्या, यादीतलं स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

“हिनं तुम्हाला फायनलबद्दल काय सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“काहीच नाही.”

“मग मी सांगते. दोन पेनल्टी अडवल्या होत्या मी. दोन! लिहून घ्या.”

मी वही उघडली.