एफुआ आन्सा यांचं नाव

संघमित्रा मेश्राम हट्टी होती, हे मी छातीठोकपणे सांगते. तीन वर्षं आम्ही अमेरिकेत एका अपार्टमेंटमध्ये काढली, पण भांडी कुणी घासायची यावरसुद्धा तिने कधी माघार घेतली नाही. मी पुण्याची सुलभा, ती नागपूरच्या इंदोऱ्याची.

१९८६ साली ती पेनसिल्व्हेनियातल्या एका युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे एका उंदराचं फुप्फुस दुसऱ्याला बसवायचे आणि शरीराने ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठी औषध शोधायचे. घानातल्या एका खेड्यातून छातीच्या दुखण्यावरचं एक मूळ आलं होतं. लॅबने ते नेहमीच्या रीतीने अल्कोहोलमध्ये उकळलं. गुण काडीचाही नाही. लॅबचे प्रमुख डॉ. हॅरिस म्हणाले, फेकून द्या.

फेकायच्या आधी संघमित्राने पिशवीतली चिठ्ठी वाचली. तिच्याआधी कुणी वाचली नव्हती. मूळ देणाऱ्या वैदू बाईंनी गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं: विस्तव दाखवू नका, गार पाण्यात भिजवा. खाली नाव, एफुआ आन्सा. संघमित्राने तसं केलं. त्या उंदरांची फुप्फुसं इतरांपेक्षा नऊ दिवस जास्त टिकली.

लगेच पेपर लिहिला गेला. त्यात बाईंबद्दल एवढंच होतं: ‘गावातल्या एका बाईकडून मिळालेली माहिती.’

आता लॅबचा नियम असा, की प्रयोग करणाऱ्याने वहीच्या प्रत्येक पानावर सही केल्याशिवाय तो प्रयोग ग्राह्य धरायचा नाही. संघमित्राने सही करायला साफ नकार दिला.

“करून टाक ना यार सही,” मी म्हटलं. “तुझं ग्रीन कार्ड हॅरिसच स्पॉन्सर करणारेत. त्या बाईचं तुला काय पडलंय?”

ती पोळ्या लाटत होती. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, “माझी आजी गावाची बाळंतपणं करायची. पाटलाकडचीसुद्धा. बाळ रडलं की तिला मागच्या दाराने काढायचे आणि विटाळ झाला म्हणून घरात गोमूत्र शिंपडायचे. सत्यभामा नाव होतं तिचं. गावात एकालाही ठाऊक नव्हतं. ‘ती बाई’ म्हणायचे. हे प्रोफेसर तेच लिहितात, आणि खाली मी सही करू?”

माझ्या आजोळीही असंच शिंपडत असणार, हे मनात आलं आणि लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी डॉ. हॅरिसनी तिला बोलावून घेतलं. संध्याकाळी ती बूट काढता काढताच सांगू लागली.

“म्हणाले, तिचं नाव घालतो, पण मग तुझं काढतो. आणि तुझा जॉब रिन्यू करत नाही. अडवणूक करणारी माणसं नकोत म्हणे.”

“मग?”

“मी म्हटलं, ओके. आधी टाइप करा, मग सही करते. समोर उभी राहून टाइप करून घेतलं. स्पेलिंग दोनदा चेक केलं.”

त्या मुळाचं पुढे औषध काही झालं नाही. पेपर मात्र छापून आला. तोवर नोकरी आणि तिच्याबरोबर व्हिसा संपून संघमित्राच्या भारतात परतायच्या बॅगा भरून झाल्या होत्या. लेखकांमध्ये एफुआ आन्सा चौथ्या होत्या. संघमित्रा कुठेच नव्हती. मी डॉ. हॅरिसना अस्सल पुणेरी शिव्या घातल्या.

“चिडतेस काय?” ती हसत म्हणाली. “माझं नाव मी पुढच्या पेपरवर घालीन.”

मला रडूच फुटलं. पुढचा पेपर तिला कोण लिहू देणार होतं?