प्रयोगशाळेचा प्रॉम्प्टर

टिकाराम महाराजपुराहून सायकलवर यायचा आणि कॉलेजच्या रसायनशाळेत बाटल्या पुसायचा, असं कागदोपत्री होतं. खरं काम वेगळंच. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलाला ओळखायला दिलेली पूड आम्ल असली, की टिकाराम भिंतीशी उभा राहून कान धरायचा. बेस असली तर मिशी, फिनॉलच्या गोतातली असली तर शर्टाचं बटण. अठरा वर्षांत निम्मं जबलपूर याच अभिनयावर बीएस्सी झालं.

विभागप्रमुख मुरलीधर सरही त्यावरच तरले होते. फळ्यासमोर वाघ, पण परीक्षानळीला त्यांचा हात कैक वर्षांत लागला नव्हता. आणि याच सरांनी टिकारामच्या लॅब असिस्टंटच्या अर्जावर शेरा ठोकला होता: 'विषयाचे ज्ञान नाही.' शनिवारपर्यंत तो बदलला नाही, तर वयाची अट ओलांडून टिकाराम जन्माचा शिपाई राहणार होता.

परीक्षेच्या दिवशी सागरहून आलेल्या परीक्षकांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. "मुरलीधरजी, पहले एक आप करके दिखाइए। बच्चे देखेंगे।"

समोर पांढरी पूड. सरांनी टिकारामकडे पाहिलं. टिकारामचे दोन्ही हात खिशात.

"काहून उभा आहेस असा? हात काढ बाहेर!"

"थंडी वाजून राहिली, सर."

एप्रिल चालू होता.

"बेन्झॉइक आम्ल," सर ठणकावून म्हणाले आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात त्यांनी पूड टाकली. फसफसायला हवं होतं. बुडबुडा म्हणून नाही. पोरं खाकरू लागली. सरांचा घाम पाहून टिकारामचा जीव कळवळला. गणपतीतल्या नाटकांना प्रॉम्प्टिंग केलेला माणूस तो. वाक्य विसरलेला नट, मग तो कितीही नालायक असो, त्याला बघवत नसे.

"साहेब," तो पुढे झाला, "हे नॅफ्थॉल, फिनॉलच्या गोतातलं. आहे आम्लासारखंच, पण मवाळ. सोड्याला भीक नाही घालत. कॉस्टिकपुढे मात्र नांगी टाकते." त्याने दुसऱ्या नळीत कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं, चिमूटभर पूड टाकून हलवली. पूड दिसेनाशी झाली.

"ये कौन हैं?" परीक्षकांनी विचारलं.

सर ताठ झाले. "हमारे लॅब असिस्टंट। मैंने ही सिखाया है।"

"मग साहेबांसमोरच लिहून द्या ना, सर," म्हणत टिकारामने खिशातला अर्ज काढला.

सरांनी जुना शेरा खोडून लिहिलं: 'विषयाचे उत्तम ज्ञान. माझ्या मार्गदर्शनाखाली.'

दुसरं वाक्य टिकारामने राहू दिलं.