इब्राहिमभाई सबुरी शिकतात

लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या युनिटमध्ये किस्से साठतात. कितीही झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग! आणि त्यातला सगळ्यात मोठा ढीग इब्राहिमभाईंचा.

चेन्नईच्या गिंडीत आमचं छोटं युनिट आहे, व्हॉल्व्ह बनवतो. मी मूळची सांगलीची, परचेस बघते. इब्राहिमभाई प्रॉडक्शन मॅनेजर. आंबूरचे, घरी दखनी बोलणारे. माणूस सोन्यासारखा, पण घाई अशी, की फोन लागायच्या आत बोलायला सुरुवात करायचे आणि समोरचा ‘हॅलो’ म्हणेपर्यंत ठेवूनही द्यायचे!

मग बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण भाईंच्या मनाला लागलं ते मशिदीतल्या हजरतांचं, म्हणजे इमामांचं, बोलणं. घाई सैतानाकडून येते, सबुरी अल्लाला आवडते, असं त्यांनी भाईंना प्रेमानं समजावलं.

दुसऱ्या दिवशी भाईंनी सकाळच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, “आजसे जल्दी बंद! सब काम सबर से!”

ते इतक्या भराभर बोलले, की निम्म्या लोकांना कळलंच नाही. विचारायला गेलो, तर भाई निघून गेले होते.

*

हजरतांनी रागावरचा उपायही सांगितला होता. उभे असताना राग आला तर खाली बसावं, तरी गेला नाही तर आडवं व्हावं.

श्रीपेरुंबुदूरच्या एका मोठ्या कारखान्याचे इन्स्पेक्टर माल तपासायला आले होते, आणि नेमकं त्याच दिवशी एका पठ्ठ्यानं भोक उलट्या बाजूला पाडून ठेवलं. अख्ख्या लॉटला! भाईंचा चेहरा लाल झाला. स्टुलावर बसले. कानसुद्धा लाल झाले. मग उठले, आणि पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर सरळ आडवे झाले. डोळे मिटून!

इन्स्पेक्टर ओरडले, “ॲम्ब्युलन्स!”

डिस्पॅचचे श्रीधरराव धावले. हे तंजावरकडचे मराठी, जुन्या वळणाचं बोलतात. “अय्यो, भाईंना काय जाहलें पा?” म्हणत त्यांनी पाण्याची अख्खी बाटली भाईंच्या तोंडावर ओतली.

भाई डोळे न उघडता म्हणाले, “मैं बेहोश नहीं हूं, गुस्से में हूं!”

*

शुक्रवारच्या नमाजाला भाई पूर्वी पळत जायचे. हजरत म्हणाले, नमाजाला धावत येऊ नये, शांतपणे चालत यावं.

त्या शुक्रवारी ऊन असं, की डांबर वितळत होतं. श्रीधररावांना दया आली. त्यांनी भाईंना स्कूटरवर घेतलं. भाई मागून सांगताहेत, “धीरे, राव, धीरे. सुकून से.” श्रीधरराव हळू. “और धीरे.” आणखी हळू.

मशिदीच्या वळणावर स्कूटर अचानक जोरात पळायला लागली. भाई घाबरून म्हणाले, “राव, जल्दी कायकू?”

“मी काही केलें नाही पा!”

मागे वळून बघतात तर एक केळीवाले आजोबा! पेट्रोल संपलंय असं समजून बिचारे जीव खाऊन ढकलत होते.

*

पण एकदा ही सबुरी खरोखर कामाला आली. माल रवाना करायची शेवटची तारीख, ट्रक दारात, आणि आमचे मालक मुरलीसर पाण्याच्या दाबाची टेस्ट मध्येच थांबवा म्हणत होते. “सुई जागची हलत नाही भाई, झालं की!”

हा माल एका हॉस्पिटलच्या बॉयलरला जाणार होता. भाईंनी खुर्ची ओढली, गेजसमोर बसले, हातात तसबीह. “वेळ पुरा होऊ द्या, सर.”

सर येरझाऱ्या घालताहेत, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, भाई मणी ओढताहेत. अगदी शेवटी सुई थरथरली आणि सावकाश खाली आली. व्हॉल्व्हला बारीक चीर होती! हॉस्पिटलात फुटला असता तर?

सर मटकन शेजारच्या स्टुलावर बसले. घाम पुसत म्हणाले, “भाई, तुम्ही माझ्यावर ओरडला का नाहीत?”

“मैं तो पहलेसेच बैठा था, सर. थोडं आणखी बोलला असतात, तर झोपलो असतो!”

*

त्या रमजानमध्ये भाईंनी सगळ्या युनिटला इफ्तारला बोलावलं. त्यांच्या बेगमनं घरून नोंबु कंजी पाठवली होती, तांदळाची गरमागरम पेज, वर पुदिना. श्रीधररावांनी भाईंना सोबत म्हणून दिवसभर रोजा धरला होता. दुपारपासून ते कुणाशी बोलत नव्हते, फक्त घड्याळाकडे बघत होते.

सगळे युनिटमध्येच चटईवर बसलो. रोजा सोडायच्या अजानला थोडा वेळ होता, म्हणून मुरलीसर दोन शब्द बोलायला उभे राहिले. विषय अर्थातच भाईंची सबुरी! सर रंगात आले. मशिदीतून अजान सुरू झाली, तरी सरांचं चालूच. “या माणसानं आपल्याला थांबायला शिकवलं! कितीही मोह होवो, कितीही घाई असो...”

भाईंचा खजुराचा हात तोंडाजवळ अडकलेला. मालकाचं भाषण तोडायचं कसं? डोळे सरांकडे, कान अजानकडे. शेवटी राहवेना.

“सर! रोजा खोलने में जल्दीच करने की ताकीद है!”

सर दचकून गप्प झाले. अजानही संपली होती. त्या शांततेत एकच आवाज आला. श्रीधरराव वाडग्याचा तळ चमच्यानं खरवडत होते.