स्पंजातला लाल रंग

शिवदास अलिबागच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई होता. मुरुडच्या खडकांवर मोठ्या ओहोटीला स्पंज कुठे उघडे पडतात ते त्याला पाठ होतं, म्हणून गौरी मॅडम संशोधनासाठी त्यालाच पाठवत. त्या स्पंजात राहणाऱ्या एका जिवाणूनं काचेच्या बशीत लालभडक रंग धरला, तो पहिल्यांदा पाहिला शिवदासनंच. सकाळी कुलूप तोच उघडायचा ना.

दिवाळीनंतर मुंबईहून तपासणीचा निकाल आला. त्या रंगाच्या अर्कानं कर्करोगाच्या पेशी मेल्या होत्या. मॅडमांनी पेढे वाटले. शिवदासनं आपला पेढा रुमालात बांधून घरी नेला.

"आमच्या लालीनं गाठी विरघळतात," त्यानं बायकोला सांगितलं. "दोन-चार वर्षांत औषध येतंय बघ."

मग रोज जेवताना तोच विषय. रचना समोर बसून ऐकायची. आठवीत शाळा सुटलेला आपला नवरा असलं काही बोलतो, याचं तिला फार अप्रूप.

गणपतीत तिला चक्कर आली. तिची बहीण बायजा पोलकं सैल करायला गेली, तर छातीतली गाठ हाताला लागली. लिंबाएवढी. कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा रचना गप्प राहिली. बाहेर बाकावर शिवदासनं पुन्हा विचारलं.

"होळीच्या आधीपासून हाय."

"आणि बोलली न्हाईस?"

"कापतील म्हणून भ्याले. आन् तुमीच सांगत होता ना, मॅडमची लाली येतेय. म्हटलं, येईस्तोवर थांबू."



दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमांकडे थोडा अर्क मागितला. मॅडमांनी त्याला खुर्चीत बसवलं.

"शिवदास, तो अर्क चांगल्या पेशीही मारतो. परवाच कळलं. रचनाला दिला तर तिचाच जीव जाईल."

"मग तेव्हा पेढे का वाटलेत?"

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या.

त्यानं खिशातली अर्काच्या कपाटाची चावी काढून टेबलावर ठेवली. "ही तुमच्याकडे असू द्या. मला माझा भरवसा न्हाय."

वर्षभर मांडव्याहून बोटीनं मुंबईच्या फेऱ्या झाल्या. जरा आधी आणायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर एकदाच म्हणाले. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून शेवटची फेरी गाड्या नेणाऱ्या मोठ्या रो-रो बोटीनं झाली. परतताना रचना त्याच्या खांद्याला टेकून बसली होती. अंगात काही उरलं नव्हतं.

"मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "तुमी सांगायचा ते ऐकायला बरं वाटायचं."

श्रावणात ती गेली.

पुढच्या वर्षी मॅडमांचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात शिवदासचं नाव होतं. मॅडमांनी त्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यानं नावाकडे नुसतं पाहिलं.

"हे औषध न्हाय, असं लिवलंय का यात?"

"लिहिलंय."

"कुठे? मराठीत सांगा."

मॅडमांनी ती दोन वाक्यं सावकाश मराठीत सांगितली. शिवदासनं ती नीट ऐकली, पुन्हा एकदा सांगायला लावली, आणि मग तो सिंकमध्ये साठलेल्या बशा धुवायला उठला.