कडी न लावलेलं दार

चारकोपच्या परबांकडे पाहुणे आले की एक पंचाईत ठरलेली. त्यांच्या बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही. लवू परबांनी ती स्वतःच्या हाताने काढून टाकली, स्क्रूची भोकं पुट्टीने बुजवली आणि पाहुण्यांसाठी एक सबब तयार ठेवली, "दार फुगलंय हो, कडी बसतच नाही." मग पाहुणा बिचारा आत गेला की आंघोळ संपेपर्यंत मोठमोठ्याने खाकरत राहायचा.

खरं कारण मानसी, त्यांची एकुलती एक मुलगी. तिला फिट येते. पण हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असा तिच्या आईचा, अनुपमाचा दंडक होता. म्हणायचं 'चक्कर'.

पहिली फिट आली तेव्हा मानसी दुसरीत होती. मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या बोटीत पोर एकाएकी ताठ झाली, डोळे वर गेले, दातखीळ बसली. बायकांनी भराभर चपला काढून तिच्या नाकाशी धरल्या. अनुपमा तिला छातीशी घट्ट आवळून किंचाळत होती. सगळं शांत झाल्यावर शेजारची एक बाई हळहळली, "मुलीची जात, ताई. लग्नाच्या वेळी कळू देऊ नका कुणाला." पोर अजून डोळेसुद्धा उघडत नव्हती. पण ते वाक्य अनुपमाच्या मनात जे रुतलं ते रुतलंच.

अनुपमा बी.ए. झालेली, पतपेढीत नोकरीला होती. ती नोकरी तिने सोडली आणि घरीच मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या. मानसीचं पोहणं, सायकल, शाळेची सहल, सगळं बंद झालं. मानसी आंघोळीला गेली की अनुपमा दाराबाहेर प्लॅस्टिकच्या स्टुलावर भाजी निवडत बसायची.

"मानसी?"

"ओ."

थोडं पाणी पडायचं, मग पुन्हा, "मानसी?"

"ओ, आई, ओ! जिवंत आहे."

दुसऱ्या हाकेला ओ आली नाही तर दार ढकलायचं, असा नियम होता. मानसी मोठी झाली, अंधेरीच्या क्लासला जाऊन जपानी भाषा शिकली, पवईतल्या कंपनीत लागली, तरी तो नियम सुटला नाही. गोळ्यांनी फिट आटोक्यात होती, गेल्या काही वर्षांत एकही आली नव्हती. डॉक्टर खूश होते. पण पाण्यात एकटीला सोडू नका, गरम पाण्यात तर नाहीच, हे ते दर वेळी बजावायचे. अनुपमाने त्यातलं 'खूश' कधी ऐकलं नाही. तिने फक्त 'पाण्यात' ऐकलं.

मग कंपनीने मानसीला सहा महिन्यांसाठी जपानला, नागोयाला पाठवलं. त्या काळात रोज मानसीच्या आंघोळीच्या वेळी व्हिडिओ कॉल चालू असायचा. तिकडे फोन बेसिनवर, कॅमेरा भिंतीकडे. इकडे चारकोपमध्ये अनुपमा फोन कानाशी धरून परदेशातल्या शॉवरचा आवाज ऐकत बसलेली. लेकीला इतकं बांधून ठेवलेलं बघून लवू वैतागायचे. "अगो, चेडवाक जरा मोकळां सोड." शेवटी त्यांनीच पैसे काढून बायकोला विमानात बसवलं. महिनाभर लेकीकडे राहा, डोळ्यांनी बघ, म्हणजे जीव थाऱ्यावर येईल. शिवाय दोघी परत आल्यावर बोरिवलीच्या सावंतांचा नितेश आईवडिलांना घेऊन मानसीला बघायला येणार होता. मुलाची आणि मुलीची फोनवर ओळख झालेली होती. 'चक्कर' अर्थातच कुणाला सांगितलेली नव्हती.

आणि मानसीने काय केलं? सुट्टी काढली आणि आईला थेट डोंगरात घेऊन गेली. तिथे जुन्या लाकडी खाणावळीसारखं एक घर होतं. तिकडे त्याला रियोकान म्हणतात. खोलीत पलंग नाही, खुर्ची नाही, जमिनीवर चटयांची गादी, सरकती कागदी दारं. घरामागे जमिनीतून कढत पाणी वर येतं आणि त्यात बसायलाच लोक लांबून येतात.

"म्हणजे आपलं राजापूरचं गरम पाण्याचं कुंड," अनुपमा म्हणाली.

"आई, मला त्या पाण्यात बसायचंय."

"डॉक्टर काय म्हणाले विसरलीस?"

"एकटीने नको म्हणाले. आत बायका असतात."

"अनोळखी बायका! त्यांना काय कळणार? मी दाराबाहेर बसते. तू ओ देत राहा."

"इथे आरडाओरडा चालत नाही गं."

"मग आत येते मी."

मानसी हसली. "ये की. पण आत कपडे काढावे लागतात. सगळे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे, यार आई."

"शी! अगं, तुझ्या बाबांनीसुद्धा..." अनुपमा तिथेच थांबली आणि लालेलाल झाली.

तरी ती गेली. बायकांच्या बाजूचा पडदा बाजूला करून दोघी कपडे ठेवायच्या खोलीत शिरल्या. मानसीने सगळं झटकन उतरवून टोपलीत टाकलं, हातात एक छोटा टॉवेल घेतला आणि "ये मागून" म्हणत आत गेलीसुद्धा. अनुपमा भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने घरून आणलेला परकर डोक्यातून घातला, छातीवर वर घेतला आणि नाडी करकचून बांधली. राजापूरच्या कुंडावर तिची आई, मावशी, सगळ्या अशाच उतरायच्या. यात वावगं काही असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

आतल्या दाराशी एक बाई होती, अनुपमाच्याच वयाची, खाकी एप्रन लावलेली. ती पुढे आली, कमरेत वाकली, परकराकडे बोट दाखवून काहीतरी मऊ आवाजात म्हणाली आणि दोन्ही हातांची फुली केली. पाण्यात कपडा चालणार नाही.

"माझी मुलगी आहे आत," अनुपमा म्हणाली. मराठीतच म्हणाली. "मानसी!"

आतून फक्त पाण्याचा आवाज. सतत पडणाऱ्या, न थांबणाऱ्या पाण्याचा. घरच्या मगाचा आवाज तिला ओळखू यायचा, मग थांबला की धस्स व्हायचं. इथे पाणी कुणासाठी थांबतच नव्हतं. आत कुणी बसलं आहे की बुडलं आहे, ते पाण्याला काय!

"मानसी?" दुसरी हाक.

ओ आली नाही.

बाई पुन्हा वाकली. पुन्हा हसली. आत बोट दाखवून काहीबाही समजावू लागली. अनुपमाच्या कानात नुसतं घोंघावत होतं. नाडीची गाठ सुटेना. तिने ती ओढून तोडली. परकर पायाशी पडला आणि पन्नाशी उलटलेली अनुपमा परब जन्मात पहिल्यांदा परक्या बाईसमोरून तशीच धावली.

आतलं कुंड रिकामं. पलीकडे काचेचं दार, दाराबाहेर उघड्यावर दगडांनी बांधलेलं दुसरं कुंड. वाफ एवढी की आपला हात दिसेना. अंगाला थंडी झोंबली, पायाखाली दगड निसरडे. वाफेत आधी एक म्हातारी दिसली, डोक्यावर टॉवेलची घडी ठेवलेली. तिच्या शेजारी मानसी. मान मागे दगडावर टाकलेली, डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे.

अनुपमाने कढत पाण्यात अक्षरशः उडी घेतली आणि लेकीच्या काखेत हात घालून तिला वर खेचलं.

"आई! काय गं? लागलं मला!"

"ओ का नाही दिलीस? ऐकू नाही आलं?"

"आलं. दोन्ही वेळा."

अनुपमाचा हात उठला. तो लेकीला लागला नाही, पाण्यावर आपटला आणि ते पाणी म्हातारीच्या तोंडावर उडालं. म्हातारीने शांतपणे तोंड पुसलं आणि मानसीला काहीतरी विचारलं. मानसीने मान हलवली.

"काय म्हणते ती?"

"विचारतेय, त्रास होतोय का मला."

"कसला त्रास? हिला काय माहीत?"

"मी सांगितलंय. बुकिंग करतानाच सांगितलं. त्या दारातल्या बाईंनी या आजींना माझ्याजवळ बसायला सांगितलं. मी एकटी नव्हते, आई."

अनुपमाला पाण्यातही थंडी वाजली. "आणखी कुणाकुणाला सांगितलंस?"

"ऑफिसात सगळ्यांना."

"आणि... सावंतांच्या नितेशला?"

"त्याला सगळ्यात आधी."

झालं. बोटीतली ती बाई जणू वाफेत समोर येऊन बसली. इतकी वर्षं झाकलेलं एका फटक्यात उघड्यावर. "मग? काय म्हणाला?"

"म्हणाला, फिट आली तर मी काय करायचं, ते सांग. इथल्या बाईंनीही तेच विचारलं." मानसीचा आवाज बारीक झाला. "मला नाही सांगता आलं. वाचलेलं बोलले थोडंफार. मला स्वतःला नेमकं काय होतं, ते मी कधी बघितलंय का? जागी होते तेव्हा तू रडत असतेस आणि मला काही आठवत नसतं. ते फक्त तुला माहीत आहे. आणि तू चक्कर म्हणतेस."

अनुपमाचा हात पाण्याखाली लेकीच्या दंडावर होता, तो तिने सोडला नाही.

सकाळी मानसी पुन्हा निघाली तेव्हा अनुपमाही तिच्याबरोबर पडद्याच्या आत गेली. एप्रनवाली बाई वाकून हसली. अनुपमाने तिच्या हाताला धरून तिला खाली बसवलं.

"मानसी, मी बोलते ते हिला सांग. हे चक्कर नाही म्हणावं. फिट आहे."

आणि ती तिथल्या चटईवर आडवी झाली. तिने हातपाय ताठ केले, मूठ आवळली, मान एका बाजूला वळवली, जबडा घट्ट मिटला, मग सगळ्या अंगाला झटके देऊ लागली. बाई घाबरून मागे सरकली. मानसी भाषांतर करायचं विसरली. ती भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"असं होतं मला?"

"असंच होतं. सांग तिला, धरून दाबायचं नाही. आधी पाण्यातून बाहेर काढायचं, तोंड वर ठेवून. मग डोक्याखाली हात. आता कुशीवर कर म्हणावं. डाव्या."

बाईने चाचपडत तिला वळवलं. अनुपमाचा गुडघा नीट दुमडला नव्हता, तिने तो दाखवून पुन्हा करायला लावला. दुसऱ्यांदा बरोबर जमलं. मग मानसी गुडघ्यांवर बसली, बाईचा हात काढून तिने स्वतःचा हात आईच्या डोक्याखाली घातला, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"जा आता," अनुपमा म्हणाली. "पाणी थंड होणार नाही, पण मी घाबरेन. मी घाबरायच्या आत जाऊन ये."

मानसी आत गेली. पाठोपाठ बाई. अनुपमा तशीच डाव्या कुशीवर पडून राहिली. आतून पाण्याचा आवाज येत होता, तिने हाक मारली नाही.